दांडगा कापायचा दिवस

फळ स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलं होतं, आणि गेले कित्येक दिवस त्या खोलीत कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. तान्हं मूल नुकतं निजवलेलं असावं तसा घरात वावर चालला होता. थोरल्या सुनेला याचं हसूही यायचं आणि नवलही वाटायचं. ती नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती, म्हणजे नोकरीच मुळी कुजबुजण्याची. घरी आल्यावर तरी चार भांडी आपटावीत असं तिला मनापासून वाटे. पण खिडकीकडे नजर गेली की हातातलं पातेलं आपोआप अलगद खाली ठेवलं जाई.

होतंच ते तसं. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावू नये एवढं, वरून चपटं, देठाभोवती घट्ट चुण्या पडलेलं. रंग लाल म्हणावा तर पुरता लाल नाही, गुलाबी म्हणावा तर तोही नाही. बाजारातला टोमॅटो शेजारी ठेवला तर त्याचं पिल्लू वाटावं. या घरात त्याला टोमॅटो कुणी म्हणतच नसे. 'दांडगा' म्हणत. आईच्या सासूबाईंच्या आईपासून चालत आलेलं बी. कुणी पाहुणा आला आणि त्याने नुसतं "केवढा मोठा टोमॅटो हो तुमचा," असं म्हटलं तरी घरातल्यांना तो जरा उणा बोलला असंच वाटायचं.

दर उन्हाळ्यात तो मागच्या बागेत भिंतीला लागून डझनावारी लगडायचा. यंदा मात्र एकच होता. ऐन भराच्या दिवसांत पाऊस लागून राहिला, करपा आला, आणि आठवडाभरात पानं काळी पडून फळं झाडावरच सडली. मधलीने, म्हणजे घरच्या लेकीने, आपल्या गच्चीत लावलेली झाडंही त्यातच गेली. स्वयंपाकघराच्या छपराखाली आडोशाला असलेल्या एका झाडावर हे एक फळ तेवढं टिकलं. त्या झाडाला शेवटी एकही पान राहिलं नव्हतं. नुसत्या काळ्या काठीने एवढं मोठं फळ पिकवलं कसं, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. आई रोज सकाळी बागेत जाऊन त्या काठीपुढे गप्प उभी राहायची.

आणि शिल्लक बी नव्हतं. ते का नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी धाकट्याने, जो परगावी एका मोठ्या रोपवाटिकेत कलमं बांधतो, कुणाला न विचारता कोपऱ्यातल्या वाफ्यात दांडग्याचा संकर केला होता. करप्याला दाद न देणाऱ्या एका जातीचे पराग त्याने दांडग्याच्या फुलांना लावले, बी धरलं, रोपंही केली. थोरल्या भावाला कळलं तेव्हा त्याने ती मुळासकट उपटून टाकली. एवढ्यावर भागलं नाही. डब्यात ठेवलेलं सगळं जुनं बीही त्याने ओतून दिलं, कारण त्यात काय मिसळलं असेल याचा नेम नाही म्हणे. तेव्हापासून दर वर्षीचं बी दर वर्षी संपत होतं. दांडगा नुसता गराने भरलेला, त्याच्यात बी मुळातच बेताचं. आणि तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

तर आता बी होतं ते त्या एका फळात. ते मात्र कापायचं नव्हतं. बियाचं फळ घरची सगळी माणसं समोर असल्याशिवाय कापायचं नाही, हा सासूबाईंनी घालून दिलेला नियम आईने कधी मोडला नव्हता. सासूबाईंनी तो का घातला हे तिला माहीत नव्हतं. स्वतः तो का पाळते हे मात्र पक्कं माहीत होतं. मुलांना वर्षातून एकदा घरी ओढून आणायला तिच्या हातात तेवढी एकच दोरी उरली होती.

"तू ये, मग कापू," आई फोनवर धाकट्याला सांगायची. "बघतो, इथे कामाचा फार रेटा आहे," तो म्हणायचा. असं दर रविवारी. फळ पिकलं, पुरतं पिकलं, मग पिकण्याच्याही पुढे गेलं.

शेवटी थोरल्या सुनेनेच हॉस्पिटलमधून, जेवणाच्या सुट्टीत, त्याला फोन केला. "छोट्या, तुझी आई थांबेल, फळ थांबणार नाही. आलास तर ये, नाहीतर नाही येत म्हणून सांग. मग तिला काय ठरवायचं ते ठरवू दे." हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

आज तो येणार होता.

*

मधली आली ती मोटार शिकवायच्या शाळेच्याच गाडीतून. छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे जादा ब्रेक. लोकांना गाडी शिकवून शिकवून तिला घरातल्या बोलण्यातही ब्रेक मारायची सवय लागली होती, आणि ब्रेक बऱ्याचदा उशिरा लागायचा.

"अजून आहे का तो," ती दारातूनच म्हणाली, आणि खिडकीकडे पाहताच आवाज खाली आणला. "बाई गं. हा वाढला की काय आणखी?"

"वाढेल कसा? तोडलाय ना तो," तिची वहिनी, म्हणजे घरची सून, म्हणाली. "इकडे ये. हात लाव. हळू."

मधलीने दोन बोटं लावली. साल ताणलेली होती, कुठेही सुरकुती नव्हती. पण सालीखाली काहीतरी होतं. बारीक बारीक टोकं हाताला लागत होती, पुरळ उठल्यासारखी.

"हे काय आहे वहिनी?"

"मला काय माहीत. परवापर्यंत नव्हतं. कीड असेल तर..." वहिनीने वाक्य तिथेच सोडलं.

मधलीने बोटं मागे घेतली. दोन वर्षांपूर्वी दादाने रोपं उपटायला घेतली तेव्हा ती याच खिडकीत उभी होती. "उपट, उपट, फार शहाणा झालाय तो," असं तीच ओरडली होती. दादाला एरवी तेवढा जोर आला नसता. तेव्हा ते धाकट्याला अद्दल घडवण्यापुरतं होतं. यंदा गच्चीतली आपली सडलेली झाडं पिशवीत भरताना तिच्या मनात पहिल्यांदा आलं की त्या उपटलेल्या रोपांना करपा लागला नसता. हे ती कुणापाशी बोलली नव्हती.

"वहिनी, आईला दाखवलंस हे?"

"त्या रोज पुसतात मऊ फडक्याने. त्यांना काय लागलं नसेल हाताला? पण बोलणार कोण."

बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, "माझे कान अजून शाबूत आहेत."

आई आत आली. तिने फळाखालची पडद्याच्या कापडाची चौघडी सारखी केली. ती आयुष्यभर लोकांचे पडदे शिवत आली होती. घरात जे काही बांधायचं, झाकायचं, टेकवायचं, ते उरलेल्या पडद्यात. "आज कापूच," ती म्हणाली. "आत काय असेल ते असेल."

*

थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या पोटात लोंबकळून काम करणारा हा माणूस घरी आला की कुणाला काही विचारत नसे. विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं, आणि ते त्याला लहानपणापासून जमलं नव्हतं. खुर्च्या लावता लावता त्याने फाटकाचा आवाज ऐकला आणि एक खुर्ची उगाचच पुन्हा सरळ केली.

धाकटा आत आला. केसांत पुढे थोडा पांढरेपणा आला होता. थोरल्याला ते अपेक्षित नव्हतं. छोट्याचे केस पांढरे होतात हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

"आई, याला म्हणावं बूट बाहेर काढ," थोरला म्हणाला. "रोपवाटिकेतली माती घरात नको."

"आई, याला म्हणावं मी बूट बाहेरच काढलेत," धाकटा म्हणाला.

"मी काय तुमचा टेलिफोन आहे का?" आई म्हणाली. पण ती हसत होती. तिन्ही मुलं आणि सून एका खोलीत होती. तिला आणखी काही मागायचं नव्हतं.

चहा झाला. बोलणं आईमार्फत, नाहीतर मधलीमार्फत चालू राहिलं. हवा कशी, बस कितीला निघाली, रोपवाटिकेत काय चाललंय. धाकट्याने खिडकीकडे अजून पाहिलं नव्हतं. मग पाहिलं, आणि कप तोंडाशी नेता नेता थांबला.

"एवढा झाला?" तो कुणाला उद्देशून बोलला नाही.

"पान नव्हतं एकही," आई म्हणाली. "एकही नाही. नुसती काठी होती रे."

तो उठून फळाजवळ गेला. त्याने हात लावला नाही, नुसता वाकून पाहत राहिला. त्याच्या हाताखालून रोज हजारो रोपं जायची, त्यांतलं एकही डोळ्यांत भरेल असं नाही. सगळी सारखी आणि सगळी निरोगी. या एकाच फळावरून त्याला नजर काढवेना. त्याला आठवलं, लहानपणी आजीने दांडगा त्याच्या मांडीवर ठेवला होता आणि त्याला वाटलं होतं, हे आता रडायला लागेल.

"वेळेवर का नाही कापला?" त्याने विचारलं.

"आई, याला सांग," थोरला म्हणाला, "वेळेवर यायला कुणी बंदी केली होती का म्हणावं."

"मला वहिनीचा फोन आला नसता तर मी आजही..."

मधलीने त्याचा हात दाबून ब्रेक मारला, पण उशीर झाला होता. थोरल्याने बायकोकडे पाहिलं.

"तू फोन केलास याला?"

"केला," ती म्हणाली. "तुम्ही करत नव्हता म्हणून केला. दोघंही मिठाची गुळणी धरून बसलात, आणि तिकडे ते मऊ पडत चाललंय. मी काय नुसती पाहत बसू?"

"या घरच्या गोष्टीत..."

"या घरच्याच गोष्टीत. माझंच घर आहे हे. फवारणी करायला मी, पानं खुडायला मी, आणि फोन करायची मला चोरी?"

"बरोबर बोलतेय ती," मधली म्हणाली. दादाच्या विरुद्ध ती कधी बोलत नसे, त्यामुळे तिला स्वतःलाच आपला आवाज परका वाटला.

"तूही?" थोरला म्हणाला.

"हो, मीही."

आईने सुरी काढली. "बसा सगळे," ती म्हणाली. "आधी हे होऊन जाऊ दे. मग काय भांडायचं ते भांडा."

*

बियाचं फळ आडवं कापतात, म्हणजे आतले कप्पे उघडे पडतात आणि बी न दुखावता काढता येतं. आईने दांडग्याला ताटात ठेवलं, डावा हात वर टेकवला आणि सुरी लावली. दरवर्षी या क्षणी घरात एक विशिष्ट शांतता पसरायची. सुरी सालीत शिरली की येणारा हिरवट, तिखट वास सगळ्यांच्या नाकात भरायचा, आणि मग आई दोन्ही अर्ध्या वाट्या उलगडून ठेवायची. गच्च मांसल गर, आणि त्यात इथे तिथे लपलेलं थोडंसं बी.

आईने अर्ध्या वाट्या उलगडल्या.

आत पांढरे दोरे होते. ओले, गुंडाळलेले, एकमेकांत अडकलेले, कप्प्याकप्प्यातून भरलेले. एक-दोन हलल्यासारखेही वाटले, पण ते ताट हललं म्हणून.

"किडे," थोरला म्हणाला आणि त्याने खुर्ची मागे सरकवली.

मधलीने तोंडावर हात दाबला. आई सुरी धरून तशीच बसली. तिचा चेहरा उतरला. हाताला लागलेलं ते पुरळ तिला कळलं होतं. दोन दिवस पुसताना कळत होतं. तरी ती थांबली होती.

वहिनी मात्र पुढे वाकली. तिच्या कामात घाबरून मागे सरायची सोय नव्हती. "किडे नाहीत," ती हळूच म्हणाली. "छोट्या, इकडे ये. याला पानं आहेत."

धाकटा वाकला, आणि त्याने बोटाने एक दोरा अलगद बाजूला केला.

"कोंब आहेत," तो म्हणाला. "बी रुजलंय. आतल्या आत."

सगळ्यांनी डोकी ताटावर आणली. आता नीट दिसायला लागलं. प्रत्येक पांढरा दोरा एका बियातून निघालेला होता. मुळं गरात रुतलेली, दांडे जागा मिळेल तसे वाकलेले, आणि टोकाला मिटलेली दोन दोन चिमुकली पानं. काहींच्या डोक्यावर बियाचं टरफल अजून टोपीसारखं होतं. जी सालीच्या जवळ होती त्यांची पानं फिकट हिरवी झाली होती. सालीतून झिरपेल तेवढ्याच उजेडावर.

"असं होतं?" मधलीने विचारलं.

"होतं, क्वचित. मी आजवर फोटोतच पाहिलंय," धाकटा म्हणाला. "फळाच्या रसातच असं काही असतं की बी रुजत नाही, निजून राहतं. पण फळ फार दिवस ठेवलं, उबेला ठेवलं, की रसाचा तो धाक संपतो. मग बी थांबत नाही."

"ते सालीखालचं पुरळ म्हणजे..."

"बाहेर यायला बघत होती. आणखी दोन दिवसांत साल फोडून आली असती."

दुसऱ्या चहासाठी चुलीवर ठेवलेल्या किटलीतलं पाणी कधीचं उकळत होतं, आणि ती उतरवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. थोरला खुर्ची पुन्हा पुढे ओढून बसला. इमारतींच्या काळोख्या पोटांत त्याने बरंच काही पाहिलं होतं, पण बंद फळाच्या आत उभं राहिलेलं हे रान त्याला कुठे ठेवावं ते कळेना. वाऱ्याची झुळूक नाही, मातीचा कण नाही, आणि तरी हे सगळे आत वाट काढत बसले होते. त्याला एकदम भरून आलं आणि ते लपवायला त्याने नाक पुसलं.

आईने एका कोंबाला करंगळी लावली. "किती वाट पाहायला लावली मी यांना," ती म्हणाली.

*

"पण मग बी?" भानावर पहिली आली ती वहिनी. "वाळवायचं कसं हे?"

धाकट्याने चमच्याच्या टोकाने कप्पे चाळले. "वाळवता येणार नाही. रुजलेलं बी वाळवलं की मेलं. न रुजलेलं..." त्याने दुसरी वाटीही पाहिली. "दिसत नाही. जवळजवळ सगळंच फुटलंय."

"म्हणजे संपलं," थोरला म्हणाला.

बाहेर थंडी पडायला लागली होती. बागेत आता काही लावायचं म्हटलं तर वसंतापर्यंत थांबावं लागणार. आईच्या हातातली सुरी ताटाच्या काठावर वाजली. सासूबाईंनी शेवटच्या आजारात तिला दुसरं काही सांगितलं नव्हतं. दागिन्यांचं नाही, घराचं नाही. दांडगा जाऊ देऊ नकोस, एवढंच म्हणाल्या होत्या. "माझ्या हट्टापायी गेला," ती म्हणाली. "कधीच कापायला हवा होता. मी बसले तुमची वाट बघत."

"संपलं नाही," धाकटा म्हणाला. "ही मेलेली नाहीत आई, जिवंत आहेत. पण आत्ता लावली तर. उघड्यावर तासाभरात सुकतील. कप आणा, वाट्या आणा, जे असेल ते. आणि माती."

घरात एकदम धांदल उडाली. मधलीने अंड्यांचा पुठ्ठा रिकामा केला. आईने आपल्या चांगल्या कपांचा सेट काढला, जो पाहुण्यांनाही मिळत नसे. वहिनीने हात कोपरापर्यंत धुतले आणि नणंदेपुढे तळहात धरला.

"तुझ्या पर्समधला तो भुवयांचा चिमटा दे."

"माझा? टोमॅटोसाठी?"

"उकळून देते परत. दे."

थोरला घमेलं घेऊन बागेत निघाला. तो वाफ्याच्या कडेला वाकतोय तोच खिडकीतून हाक आली.

"दादा, ती नको!"

थोरला वळला. दोन वर्षांत त्या आवाजात 'दादा' ऐकलं नव्हतं. आई मधे नव्हती, मधली मधे नव्हती.

"त्या मातीत करपा असेल," धाकटा खिडकीतून म्हणाला. "जिथे यंदा टोमॅटो नव्हता तिथली घे."

"कुठे नव्हता? सगळीकडे होता."

बोलून झाल्यावर दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. कोपऱ्यातला तो वाफा. थोरल्याने रोपं उपटली त्या दिवसापासून तिथे कुणी काही लावलं नव्हतं. थोरला लावत नव्हता कारण त्याला तिकडे जायची लाज वाटे, आणि आई लावत नव्हती कारण तिला थोरल्याची लाज राखायची होती.

थोरल्याने तिथे जाऊन गुडघे टेकले. माती मऊ होती, काळी होती, विश्रांती मिळून फुगली होती. घमेलं भरताना तो मोठ्याने, खिडकीला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझी रोपं चांगली होती रे. उपटताना मुळं निघता निघत नव्हती." मग आणखी दोन मुठी त्याने विनाकारणच भरल्या.

धाकटा खिडकीतून बाजूला झाला.

*

वहिनी कामाला लागली. ती चिमट्याने एकेक कोंब दांड्याला न धरता पानाशी किंवा टरफलाशी धरून उचलायची, गरातून मूळ न तुटता सोडवायची, आणि धाकटा काडीने केलेल्या भोकात ते सोडून माती लोटायचा. दोघांचं काम एकमेकांना न सांगता जुळलं होतं. मधली पाणी थेंबाथेंबाने घालत होती आणि प्रत्येक कपाला नाव ठेवत होती. हा लंगडा, ही टोपीवाली, हे दादासारखं तोंड पाडून बसलेलं. थोरल्याने लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना लावायचा आपला दिवा आणून कपाटाच्या मुठीला टांगला.

"उंच झाला," धाकटा म्हणाला. थोरल्याने तो खाली घेतला.

काही कोंब तुटले. आईने तेही टाकू दिले नाहीत, वेगळ्या बशीत ठेवले. काम संपलं तेव्हा ओट्यावर कप, वाट्या, अंड्याचा पुठ्ठा आणि मधोमध दोन पोकळ लाल वाट्या होत्या. गर फार पिकून गोडसर आणि थोडा आंबूस झाला होता. मीठ लावून सगळ्यांनी तो उभ्या उभ्याच खाल्ला, नेहमीप्रमाणे. चव नेहमीची नव्हती.

"आता हिवाळाभर घरात सांभाळायची," धाकटा म्हणाला. "वाढली की पानांच्या बगलेतले फुटवे काढून पाण्यात ठेवायचे, त्यांनाही मुळं फुटतात. असं करत करत वसंतापर्यंत न्यायचं. एकाच घरी ठेवू नका, वाटून घ्या. एकीकडे काही झालं तर दुसरीकडे राहील."

"तुझी वेगळी काढते," आई म्हणाली.

"माझ्याकडे नको. रोपवाटिकेत शंभर जाती आहेत. उद्या परत भेसळ झाली म्हणाल."

खोलीत पुन्हा ती जुनी थंडी उतरायला लागली होती. थोरला उठला. त्याने कपांवरून नजर फिरवली, त्यांतला सगळ्यात दणकट कोंब असलेला कप निवडला आणि धाकट्यापुढे सरकवला.

"हा ने," तो म्हणाला. "याचा तुला हवा तो संकर कर. फक्त वेगळी खूण घाल. आणि बाकीचे आहेत तसे ठेवू."

धाकट्याने कप दोन्ही हातांत घेतला.

आई हे सगळं पाहत होती. आज तिच्या घरात तिला हवं होतं ते सगळं होतं, आणि ते तिने कसं आणलं होतं हेही तिच्यासमोर कपाकपात उभं होतं. तिला वाटलं, आता सांगितलं नाही तर पुन्हा धीर होणार नाही.

"पुढच्या वर्षीपासून मी कुणासाठी थांबणार नाही," ती म्हणाली. "फळ पिकलं की कापणार. जो असेल तो असेल."

"आणि आम्ही नसलो तर?" मधलीने विचारलं.

"नसलात तर नसलात. बी निघेल ना."

तिचा आवाज साधा होता, पण हात मांडीवरच्या कापडाची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. दोरी तिने स्वतःच सोडून दिली होती. आता ही माणसं का येतील, याचं कारण तिला एकही सापडत नव्हतं.

धाकटा दिव्याखाली वाकून कोंबांकडे पाहत होता. "घरात फुलं आली तरी फळ धरणार नाही," तो म्हणाला. "आत वारा नाही, मधमाशा नाहीत. फुलं हाताने हलवावी लागतात, बरोबर वेळ साधून. जोरात हलवली तर गळतात."

वहिनी काही म्हणणार होती. तिला ते शिकायला वेळ लागला नसता. पण तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

थोरला दिव्याची वायर कपाटामागे खोचत होता. तो वळला नाही.

"मला नाही येत ते," तो म्हणाला. "फुलं आली की फोन करतो. तू ये."

आईने कापड बाजूला ठेवलं. बऱ्याच वेळाने तिला किटलीची आठवण झाली. पाणी पार आटून गेलं होतं. तिने ती पुन्हा नळाखाली धरली आणि पाच जणांच्या चहापुरती भरली.